धुळीला कारण हवे

दिवाळीत मुलांनी अंगणात मातीचा किल्ला करावा, ही मूळची पुण्या-साताऱ्याकडची हौस. आता ती आमच्या अणदूरलाही आली आहे. आमच्या पोरांना नमुन्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. नळदुर्ग शेजारीच आहे. गेल्या दिवाळीत माझ्या एका विद्यार्थ्याने विटा, गोणपाट आणि चिखल यांतून नळदुर्ग उभा केला. बोरी नदी केली, उंच उपळी बुरूज केला, पाणीमहालावरून सलाईनच्या नळीतून पाणीसुद्धा सोडले. आणि किल्ल्यापुढच्या रस्त्यावर, जिथे इतर मुले मावळे मांडतात तिथे, त्याने एक वीतभर लांबीचा रणगाडा ठेवला.

पाहायला येणारे हसत होते. मी हसलो नाही, कारण मुलाचे इतिहासाचे ज्ञान पक्के होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून हैदराबाद संस्थानात शिरले, ते याच रस्त्याने. नळदुर्गाशी पहिली लढत झाली आणि बोरीवरचा पूल त्यांनी ताब्यात घेतला. त्या सैन्यात शर्मन आणि स्टुअर्ट जातीचे रणगाडे होते. मुलाच्या मामाने पुण्याहून सुट्या भागांची जी पेटी पाठवली होती, ती शर्मनचीच. तेव्हा नळदुर्गापुढे रणगाडा ठेवण्यात चूक काहीच नव्हती. चूक होती ती रंगात.

दिवाळी अंकांतून कादंबऱ्यांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात. प्लॅस्टिकच्या रणगाड्याचे परीक्षण कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वाचकांनी ते आज गोड मानून घ्यावे. एक तर ही कलाच आहे, आणि दुसरे म्हणजे तिने मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट शिकवली.

या कलेचे प्रमाण बहुधा एकास पस्तीस असते. हे विचित्र प्रमाण जपानच्या तामिया कंपनीने साठीच्या दशकाच्या आरंभी रूढ केले. तिने पँथर नावाचा जर्मन रणगाडा काढला. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला, तो मोजल्यावर पस्तिसावा भाग निघाला. पुढे बेल्जियमचे व्हर्लिंडेन, अमेरिकेचे शेपर्ड पेन यांच्यासारख्या कारागिरांनी असे नमुने नुसते रंगवायचे नाहीत तर रापवायचे, हे हौशी लोकांना शिकवले. उन्हातान्हात राबलेल्या माणसाचा चेहरा रापतो, तसा रणगाडाही रापलेला दिसला पाहिजे. त्यासाठी आधी मूळ रंग द्यायचा. मग काळपट रंग अगदी पातळ करून सोडायचा, म्हणजे तो सांधीकोपऱ्यांत जाऊन बसतो. मग जवळजवळ कोरडा कुंचला फिकट रंगात बुडवून कडांवरून फिरवायचा, म्हणजे उंचवटे उजळतात. स्पंजाच्या तुकड्याने रंगाचे पोपडे उडालेले दाखवायचे, आणि शेवटी धूळ.

या कलेत वाळवंटी रंगाचा मान सर्वांत मोठा. पिवळ्या अंगावर डाग, ओघळ, धूळ सारेच उठून दिसते. म्हणून ज्याला त्याला आपला रणगाडा वाळवंटात न्यावासा वाटतो. माझ्या विद्यार्थ्यालाही तसेच वाटले. त्याने शर्मनला छान वाळूचा पिवळा रंग दिला, जागोजागी गंज लावला आणि ओल्या रंगावर नदीची चाळलेली वाळू भुरभुरली. काम नजरेत भरण्यासारखे होते.

आता दोष सांगतो. पहिला दोष वाळूचा. अर्ध्या मिलिमीटरचा कण पस्तीस पटीने वाढवला तर साडेसतरा मिलिमीटरचा होतो. म्हणजे या रणगाड्यावर धूळ बसलेली नसून बोराएवढ्या खड्यांचा पाऊस पडला आहे. धूळ दाखवायची तर फळ्याच्या खडूची वस्त्रगाळ पूड हवी. दुसरा दोष गंजाचा. वाळवंटातली हवा कोरडी. तिथे लोखंड सहजी गंजत नाही, वाळूने घासून उलट चकाकते. पट्ट्यांचा जो भाग जमिनीला लागतो, तो तिथे उजळ दिसायला हवा. तिसरा दोष असा की, पोपडे हवे तिथे नाहीत आणि नको तिथे आहेत. सैनिक ज्या कडेवर पाय देऊन चढतो आणि झाकणाला जिथे हात लावतो, तिथला रंग आधी जातो. इथे मात्र सगळीकडे सारखेच ओरखडे आहेत.

पोपड्याखाली काय दिसावे, हाही प्रश्नच आहे. १९४१च्या सुरुवातीस जर्मन सैन्य त्रिपोलीला उतरले तेव्हा त्याचे रणगाडे युरोपातल्या गडद करड्या रंगात होते. पिवळट तपकिरी रंग त्यांच्यावर नंतर चढला. म्हणून त्या रणगाड्याचा पोपडा उडाला की खालून करडा रंग डोकावला पाहिजे. हा एक ठिपका बरोबर पडला तर रणगाडा कुठून आला आणि किती घाईत आला, हे बोलल्यावाचून कळते. चुकीच्या जागी पडला तर तो नुसता डाग.

हे मी मुलाला कसे समजावणार? मी त्याला गावातल्या खंडोबाच्या देवळात नेले. आमचा देव वर्षातला काही काळ नळदुर्गला जातो आणि पुन्हा अणदूरला येतो. दोन्हीकडे भंडारा उधळला जातो. हळदीचा तो रंग दगडावर कुठे आहे ते नीट पाहा, असे मी म्हणालो. चिऱ्यांच्या सांध्यांत गडद पिवळे, कोनाड्यांत पिवळे. पायऱ्यांच्या मध्यभागी, जिथे पाय पडतात, तिथे दगड उघडा. भक्तांचा हात जिथे टेकतो तिथे तर गुळगुळीत काळा. कोणी कारागिराने हे रंगवलेले नाही, पण एकही ठिपका अकारण नाही. देवळाचे पिवळेपण खरे आहे, कारण त्याच्यामागे माणसे आहेत.

मग मी मुख्य दोषाकडे वळलो. सप्टेंबर महिना, ऐन पावसाळा, आमच्या भागातली काळी माती. अमेरिकेतल्या कारखान्यातून शर्मन निघत, तो काळपट हिरव्या रंगात. त्याच्या चाकांना आणि पट्ट्यांना चिकटेल तो चिखल. नळदुर्गाच्या वाटेवर हे वाळवंट तू कुठून आणलेस? वाळवंटच हवे तर १९७१ सालचे लोंगेवाला घे. तिथे वाळूवर उमटलेली रणगाड्यांच्या चाकोऱ्यांची वेटोळी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत दिसतात. पण १९६५ साली खेमकरणकडे पॅटन रणगाडे रुतले ते उसाच्या पाणथळ शेतांत. प्रत्येक रणगाड्याला त्याची त्याची माती असते.

मुलगा ऐकत होता. शेवटी अगदी शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या कादंबरीतला दुष्काळसुद्धा असाच आहे. सगळीकडे सारखाच पिवळा."

वाचकहो, माझ्या कादंबरीवर आजवर जे काही लिहून आले, त्यात याहून नेमके वाक्य मला आढळले नाही. ती कादंबरी १९७२च्या दुष्काळावर आहे आणि माझा जन्म त्यानंतरचा. मी पानोपानी भेगाळलेली जमीन पसरून ठेवली होती. माझ्या नायकाचे शेत तर माळावरचे, मुरमाड. मुरमाला भेगा पडत नाहीत, त्या पडतात काळ्या मातीला. शेतकऱ्याच्या पोराला हे कळते. मास्तराला कळत होते, पण लिहिताना त्याला भेगा सुंदर वाटल्या. खडी फोडणाऱ्या बाईच्या तळहातावर घट्टा कुठे पडतो आणि सुकडीसाठी रांगेत उभे राहिलेले मूल भांडे कसे धरते, हे मी कोणाला विचारलेच नव्हते. ग्रामीण म्हणून जे लिहिले जाते, त्यातल्या बऱ्याचशा लिखाणावरची धूळ अशी वरून भुरभुरलेली असते. कोरी करकरीत खेळणी निदान खोटे बोलत नाहीत. खोटा जुनेपणा मात्र आपण सोसलेले आहे असे भासवतो, आणि ते अधिक वाईट.

मुलाला घेऊन मी आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे गेलो. १९४८ साली त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. रणगाडा त्यांनी हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, "म्या काय बघितला न्हाई बाबा. आवाज ऐकला. फळीवरची भांडी वाजत हुती. आईनं दाराला आतनं कडी घातली हुती, ती लई दिवस काढली न्हाई."

लई दिवस का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आधी रझाकारांचा जाच झाला, आणि कारवाईनंतर सूडाच्या आगीत मुसलमान वस्त्या होरपळल्या. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवले, त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा आमचा धाराशिव जिल्हा होता. १७ सप्टेंबरला आम्ही शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन करतो, आणि ते करावेच. पण त्या महिन्याचे सगळेच डाग रणगाड्यावर पडलेले नाहीत, एवढे तरी मास्तराने लक्षात ठेवले पाहिजे.

अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. शाळेची सहल तिकडे न्यावी असा माझा विचार आहे. तिथले रणगाडे स्वच्छ रंगवून ठेवलेले असतात, आणि संग्रहालयाने तसेच ठेवले पाहिजेत. मुलांना मी एवढेच सांगणार आहे की, सैनिक कुठे पाय ठेवून चढला असेल ती जागा शोधा.

असो. भाऊबीजेच्या दिवशी मी पुन्हा किल्ला पाहायला गेलो. रणगाडा हिरवा झाला होता. चिखल पट्ट्यांपासून वर चढला होता आणि वर जाता जाता विरळ होत गेला होता. गंज पुसलेला होता. मागच्या बाजूचे ओघळ मला अजूनही जरा जास्त वाटले आणि तसे मी सांगितलेही. पण रस्त्याच्या कडेला एक नवे घर आले होते, काड्यापेटीचे, माळवदाचे. त्याचे दार बंद होते.

"आतून कडी आहे का रे?" मी विचारले.

"आहे सर. तारेची केली आहे."

कडी बाहेरून दिसत नव्हती. मी दार उघडून पाहिले नाही.