बाण जिथे एकत्र येतात

मौदा (जि. नागपूर) येथील एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र २,३२० मेगावॅट क्षमतेचे आहे : ५०० चे दोन संच आणि ६६० चे दोन. असा एक संच सुरू करायचा तर बाष्पित्र, टर्बाइन, कोळशाचा रेल्वेमार्ग, पाणी आणि पारेषण वाहिनी ही सगळी कामे पुरी व्हावी लागतात. हल्ली अशा कामांचे नकाशे संगणकाच्या पडद्यावर काढतात. प्रत्येक काम ही एक चौकट. चौकटींना जोडणारे बाण. एक चौकट पुढे सरकवली की तिच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या तारखा आपोआप सरकतात. पाहणारा हरखून जातो. आम्हीही गेलो होतो.

त्यामागचे गणित मात्र जुने आहे. ‘क्रिटिकल पाथ’ आणि अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी वापरलेली ‘पर्ट’, या दोन्ही पद्धती १९५०च्या दशकाच्या अखेरच्या. आरंभापासून शेवटापर्यंतची सर्वांत लांब वाट शोधायची. तिला लागेल तो प्रकल्पाचा वेळ. पद्धत चोख आहे. आमचा आक्षेप तिने दिलेल्या एकुलत्या एका तारखेवर आहे.

समजा, वरील पाचही कामे वेळेत होण्याची शक्यता प्रत्येकी ८० टक्के आहे. सुटे पाहिले तर कोणत्याच कामाची काळजी वाटू नये. पण बाण जिथे एकत्र येतात तिथे संभाव्यतांचा गुणाकार होतो. ०.८ पाच वेळा गुणा : उत्तर सुमारे ०.३३. म्हणजे तीनांत एकदाच वेळ साधेल! (कामे परस्परांपासून स्वतंत्र धरली, तर. एकाच पावसाने दोन कामे अडली की हिशेब बदलतो.) वर्गात पाच डब्यांत प्रत्येकी आठ पांढरे व दोन लाल मणी ठेवावेत. प्रत्येक डब्यातून न पाहता एकेक मणी काढून पाचही पांढरे किती वेळा येतात, ते मुलांनी मोजावे. काही प्रणालींत असेच हजारो वेळा मणी काढण्याची सोय असते. ती वापरलीच पाहिजे.

दुसरी उणीव अधिक गंभीर. मौद्याच्या केंद्राला पाणी येते ते वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे. या प्रकल्पाला १९८३ मध्ये ३७२ कोटी रुपयांची मान्यता मिळाली, १९८८ मध्ये पायाभरणी झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, तेव्हाही कालवे आणि पुनर्वसन अपुरेच होते. ‘पुनर्वसन’ अशी चौकट नकाशात सहज काढता येते. तिच्यात दिवसांचा आकडा कोणी, कोणाला विचारून लिहिला, हे प्रणाली विचारत नाही. ती फक्त पुढच्या तारखा सरकवते.