'फ्लिप युवर विग' : माधुर्यावरील एक फिर्याद

ज्याची कीर्ती कर्कशपणावर उभी आहे, त्याच्या गळ्यात माधुर्य उतरले की जुने चाहतेच प्रथम संशय घेतात. अमेरिकेतील 'हार्डकोअर पंक' या रांगड्या संगीतपंथात तर वेग आणि गोंगाट हीच सचोटीची खूण. चाल गोड झाली म्हणजे कलावंत बाजारात विकला गेला, असा निकाल तेथे पुराव्यावाचून लागतो. ही फिर्याद तपासून पाहण्यास मिनेसोटातील 'हुस्कर डू' या त्रयीची १९८५ची ध्वनिमुद्रिका, 'फ्लिप युवर विग', आम्हांस फार सोयीची वाटते.

गिटारवर बॉब मोल्ड, तालवाद्यांवर ग्रँट हार्ट, बासवर ग्रेग नॉर्टन. १९८२च्या 'लँड स्पीड रेकॉर्ड'मध्ये या तिघांनी अर्ध्या तासाच्या आत १७ गाणी उरकली; एखादी चाल मनात ठरावी इतकीही उसंत नाही. 'फ्लिप युवर विग'मधील 'मेक्स नो सेन्स ॲट ऑल' ऐकावे. तीन मिनिटांच्या आतच ते संपते, पण ध्रुपद पहिल्याच खेपेस ओठांवर बसते. गिटारची घरघर मात्र गेलेली नाही. तंबोऱ्याच्या जवारीतून स्वर उमटावा तशी चाल त्या घरघरीतूनच वर येते. आरडाओरडीत शब्द झाकले जातात. येथे ते उघडे पडतात, आणि ते पेलण्यास अधिक धैर्य लागते, असे आमचे मत आहे. हार्टचे 'ग्रीन आईज' हे सरळ प्रेमगीत तर अगदीच निःशस्त्र आहे.

आता विक्रीचा आरोप. वॉर्नर ब्रदर्स या बड्या कंपनीने ही ध्वनिमुद्रिका मागितली होती. तरी त्रयीने ती एस.एस.टी. या आपल्या जुन्या, लहान कंपनीसच दिली. वॉर्नरकडे ती गेली १९८६च्या 'कँडी ॲपल ग्रे'पासून. शिवाय या खेपेस निर्मितीची सूत्रे मोल्ड व हार्ट यांनी स्वतःकडेच ठेवली होती. म्हणजे माधुर्य आधी आले आणि बाजार मागाहून! फिर्यादी पक्षाने तारखा पाहिल्याच नाहीत.

सारेच उत्तम आहे असे नव्हे. 'द बेबी साँग' हा निव्वळ पोरखेळ आहे, आणि अखेरच्या दोन शब्दविरहित रचना आम्हांस सैल वाटल्या. त्यांतली एखादी गाळली असती तरी चालले असते.