राजा रविवर्मा यांच्या चित्रातील समुद्र : 'श्रीरामाने केलेले समुद्राचे गर्वहरण' या चित्राची चिकित्सा

प्रस्तावना :
राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या पौराणिक चित्रांची चर्चा बहुधा शकुंतला, दमयंती, मोहिनी आदी स्त्रीप्रतिमांच्या अनुषंगाने झालेली आहे. या चित्रांत निसर्ग पार्श्वभूमीपुरता येतो. आयुष्याच्या अखेरीस म्हैसूरच्या राजदरबारासाठी त्यांनी रंगविलेले, तेथील जगन्मोहन राजवाड्याच्या कलादालनात असलेले 'श्रीरामाने केलेले समुद्राचे गर्वहरण' हे तैलचित्र त्यास अपवाद ठरते. येथे समुद्र हा रामाचा प्रतिपक्ष आहे. त्यास चित्रकाराने कितपत न्याय दिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथाप्रसंग :
वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात राम तीन रात्री दर्भशय्येवर पडून समुद्राची प्रतीक्षा करतो. समुद्र प्रकट होत नाही, तेव्हा तो धनुष्य उचलतो. शरण आलेला समुद्र आपली बाजूही मांडतो. पंचमहाभूते आपापल्या स्वभावात स्थिर असतात. अगाध आणि दुस्तर असणे हाच आपला स्वभाव, असे तो सांगतो. नलाकरवी सेतू बांधण्याचा मार्गही तोच सुचवितो. तात्पर्य, कथेतील संघर्ष केवळ गर्व आणि पराक्रम यांचा नसून मानवी प्रयोजन आणि निसर्गधर्म यांचाही आहे.

चित्राचे स्वरूप :
रविवर्मांनी निवडलेला क्षण शरसंधानाचा आहे. खडकावर उभा असलेला राम, वाऱ्याने फडफडणारी त्याची वस्त्रे, झाकोळलेले आकाश, चमकणारी वीज आणि उसळणाऱ्या लाटांतून याचना करीत वर येणारा वरुण व त्याच्या स्त्रिया, अशी ही मांडणी आहे. काळसर पाण्याच्या पार्श्वभूमीवर वस्त्रांचे उजळ रंग उठून दिसतात. तैलरंगामुळे लाटेला वजन आणि फेसाला ओलावा लाभतो. राजस्थानी व पहाडी लघुचित्रांत पाणी बहुधा रेषांच्या आवर्तनांनी आणि जलचरांनी सूचित होते. तेथे पाणी आणि देव एकाच चित्रभाषेत नांदतात. रविवर्मांच्या चित्रात मात्र समुद्राचे दोन भाग पडतात : एक डोळ्यांना दिसणारे पाणी, दुसरा त्यातून वर आलेला मानवी देह. पाणी खवळलेले आहे, देह मात्र भयभीत आहे. एकाच समुद्राच्या या दोन अवस्था परस्परांशी जुळत नाहीत.

आक्षेपाचा विचार :
आनंद कुमारस्वामी यांनी १९०७ मध्ये रविवर्मांच्या चित्रांवर नाटकीपणाचा आक्षेप घेतला होता. प्रस्तुत चित्रात नाट्य आहेच. पण प्रसंगच नाट्यमय असल्याने तो दोष मानता येत नाही. उणीव अन्यत्र आहे. क्षमायाचनेच्या मुद्रेत समुद्राची शरणागती दिसते, त्याचा युक्तिवाद दिसत नाही. तथापि, वरुण याचना करीत असतानाही लाटा ओसरलेल्या नाहीत, ही बाब लक्षणीय आहे. देव नमला तरी पाणी नमलेले नाही. जो युक्तिवाद मानवी देहातून व्यक्त झाला नाही, तो पाण्याच्या चित्रणातून नकळत व्यक्त झाला आहे.

निष्कर्ष :
देवतेस मानवी देह आणि वास्तव निसर्ग देण्याची ही पद्धती १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या व पुढे मळवलीस हलविलेल्या रविवर्मांच्या छापखान्यातील मुद्रितचित्रांमुळे घरोघरी पोहोचली. देवता ओळखीच्या झाल्या, हे तिचे यश होय. महाभूतांना मानवी चेहरा देताना त्यांचे अगाधपण उणावते, ही तिची मर्यादा होय. प्रस्तुत चित्रात ही मर्यादा स्पष्ट दिसते आणि तिच्यापलीकडे जाणारा समुद्रही दिसतो. म्हणूनच रविवर्मांच्या कलेचे मूल्यमापन करताना त्यांच्या आकृतींइतकेच त्यांनी रंगविलेल्या पाण्याकडेही लक्ष देणे अगत्याचे ठरते.