‘एलेजी’ : शोक, सूर आणि साधारणीकरण

क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकीच्या मुखातून श्लोक प्रकट झाला, या आख्यायिकेवर ‘लोचन’ टीकेत भाष्य करताना अभिनवगुप्ताने एक महत्त्वाची सूचना केली आहे. हा शोक मुनीचा व्यक्तिगत शोक मानू नये. तसा तो असता, तर दुःखाने व्यापलेल्या मुनीच्या ठिकाणी रसाला अवकाशच उरला नसता. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवाने आपल्या परीने स्वीकारलेली साधारणीकरणाची कल्पना याच दिशेने जाते. दुःख ‘याचे’ किंवा ‘त्याचे’ राहिले नाही, म्हणजे ते करुण म्हणून आस्वाद्य होते. ज्या कलाकृतीचा येथे विचार करावयाचा आहे, ती या सिद्धांताला मोठ्या अवघड जागी गाठते.

दक्षिण आफ्रिकेतील कलावती गॅब्रिएल गोलायथ (जन्म १९८३) यांनी २०१५ मध्ये ‘एलेजी’ या प्रयोगमालिकेस प्रारंभ केला. या शब्दास मराठीत ‘विलापिका’ हा पर्याय रूढ आहे. परंतु येथे विलापाचा एकही शब्द गायिला जात नाही. अंधारलेल्या दालनात एक प्रकाशित चौथरा असतो. सात गायिका रांगेने उभ्या असतात. पहिली चौथऱ्यावर चढते, एक सूर लावते आणि दमसास पुरेल तोवर तो धरून ठेवते. तिचा श्वास सरत येताच दुसरी तिची जागा घेते व तोच सूर उचलते. सुमारे तासभर हा क्रम चालू राहतो. प्रत्येक प्रयोग लैंगिक हिंसेत जीव गेलेल्या एका विशिष्ट व्यक्तीच्या, बहुधा स्त्रीच्या, नावाने होतो, आणि तिच्या आप्तांपैकी किंवा स्नेह्यांपैकी कोणी तिच्याविषयी लिहिलेला मजकूर श्रोत्यांच्या हाती येतो. गुन्ह्याचे चित्रण कोठेही नाही.

आता अडचण अशी की, जिच्यासाठी हा सूर लावला जातो तिचे ‘साधारणीकरण’ आधीच होऊन चुकलेले असते. वृत्तपत्रातील चार ओळी, पोलिसांच्या वार्षिक आकड्यांतील एक, ‘पीडित’ हे सामान्यनाम. २०१९ च्या सप्टेंबरात केप टाऊनमधील एका विद्यार्थिनीच्या हत्येनंतर देशभर निदर्शने झाली, तेव्हा एक नाव काही आठवडे सर्वांच्या ओठांवर होते. अशा बहुतेक मृत्यूंच्या वाट्याला तेवढेही येत नाही. मृगाचे भय देशकालांतून सुटून केवळ ‘भय’ होते, हे अभिनवाने शाकुंतलातील पळणाऱ्या हरिणाच्या उदाहरणाने दाखविले. पण या स्त्रीला विशेषातून सोडविणे म्हणजे समाजाने तिच्यावर केलेला अन्याय कलेने पुरा करणे होय. म्हणूनच गोलायथ नाव सोडीत नाहीत. विशिष्ट देश, काल आणि व्यक्ती यांत गुंतून राहणे हे अभिनवाने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक. ‘एलेजी’त हे विघ्न जाणूनबुजून वाटेत ठेवलेले आहे.

मात्र खुद्द सूर नावाइतका विशिष्ट नाही. शब्दहीन, एकाच उंचीवरचा स्वर हे सर्वांत निर्विशेष द्रव्य. तंबोऱ्याचा षड्ज सतत ऐकू येतो, पण त्याच्यावर राग उभा राहावयाचा असतो. येथे केवळ आधार आहे आणि त्यावर काहीच उभे राहात नाही. ही रिकामी जागा त्या अनुपस्थित व्यक्तीची, असा अर्थ सहज सुचतो, आणि तो चूक नाही. तथापि कृतीचे खरे बळ त्याहून साध्या गोष्टीत आहे. काही वेळाने कान सुरापेक्षा सुराच्या शेवटाकडे लागतात. आवाज किंचित कापतो, श्वास संपत आल्याचे कळते, आणि पुढची गायिका वेळेवर येईल किंवा नाही ही चिंता श्रोत्याला प्रत्यक्ष जाणवते. सात कंठांची जात सात प्रकारची. तोच सूर प्रत्येकीच्या गळ्यात वेगळा होतो. मृत व्यक्तीचे विशेषत्व सुरात येऊ शकत नाही, परंतु जिवंत गायिकांचे येते, आणि दुसऱ्यासाठी श्वास खर्च करण्याचे श्रम डोळ्यांपुढे घडतात.

सुझन फिलिप्स यांच्या ‘लोलँड्स’शी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. बुडून मेलेल्या प्रियकरावरील एका जुन्या स्कॉटिश शोकगीताची तीन रूपे फिलिप्स यांनी स्वतःच्या अशिक्षित आवाजात ध्वनिमुद्रित केली. ती २०१० मध्ये ग्लासगोत क्लाइड नदीवरील पुलांखाली ऐकविली गेली, नंतर टेट ब्रिटनच्या रिकाम्या दालनात. त्याच वर्षी या कृतीस टर्नर पारितोषिक मिळाले. तेथे गाणारीही मृताप्रमाणेच अदृश्य आहे. हे फार सुंदर आहे. पण तो आवाज कधीच थकत नाही, आणि ते दुःख परंपरेने कधीच सर्वांचे करून टाकले आहे. तेथे करुणाचा मार्ग निर्वेध आहे.

‘एलेजी’तही सौंदर्याचा धोका टळलेला नाही. कमावलेल्या गळ्याची गोलाई श्रोत्याला अशी तृप्ती देते की, हातातला मजकूर न वाचताही तो समाधानाने परत जाऊ शकेल. गोलायथ यांना याची जाणीव असावी. त्यांच्या २०१९ मधील ‘धिस साँग इज फॉर...’ या कृतीत अत्याचारातून वाचलेल्या व्यक्तींनी निवडलेली गीते नव्याने गायिली जातात आणि मध्येच, जुन्या तबकडीवर सुई अडकावी तशी, एकाच जागी दीर्घकाळ अडकून पडतात. तेथे विघ्न संगीताच्या आतच येते. ‘एलेजी’त ते श्वासात आहे, आणि म्हणून प्रत्यक्ष प्रयोगावाचून ते टिकत नाही. अनेक प्रयोगांची चित्रमुद्रणे एकाच दालनात पडद्यांवर दाखविण्याचे तिचे दुसरे रूप या दृष्टीने उणे वाटते. तेथील कोणताही श्वास आता चुकण्याचा संभव नाही, आणि शेजारीशेजारी उभी केलेली नावे पाहणारा नकळत ती मोजू लागतो.