ऊब मोजणारी समीक्षा

अॅडम रॉबिन्सन-यू या कॅनडातील गेमकाराचा ‘अ शॉर्ट हाइक’ हा गेम एप्रिल २०१९ मध्ये ‘हम्बल’च्या मासिक वर्गणीदारांपुढे आला. जुलैअखेरीस तो ‘स्टीम’वर सर्वांसाठी खुला झाला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याने ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’चा शेमस मॅकनॅली महापुरस्कार आणि प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार, दोन्ही पटकावले. हाती घेतलेला एक मोठा प्रकल्प बाजूला ठेवून काही महिन्यांत उरकलेले हे काम. खेळून संपवायला दीड-दोन तास पुरतात. क्लेअर नावाची शहरात वाढलेली पक्षीण हॉक पीक उद्यानात आपल्या मे आंटीकडे राहायला आली आहे. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट आहे आणि रेंज मिळते ती फक्त शिखरावर. म्हणून तिला डोंगर चढायचा आहे. कथानक म्हणून सांगण्यासारखे इतकेच. परीक्षणे जवळजवळ एकमुखाने अनुकूल होती आणि ती योग्यच होती. तक्रार आहे ती त्यांच्या शब्दकळेबद्दल. गोड, निवांत, ऊबदार, मनाला विसावा देणारा, मिठी मारल्यासारखा वाटणारा: कोणतेही परीक्षण उघडले तरी यातले दोन-तीन शब्द भेटतात आणि बहुतेक ठिकाणी निकालही त्यांच्याच आधारे दिलेला असतो.

हे सगळे शब्द खेळणाऱ्याच्या मनःस्थितीचे आहेत. गेमबद्दल ते काहीच सांगत नाहीत. गेल्या काही वर्षांत ‘कोझी’ या नावाखाली इंडी गेमचा जो मोठा प्रवाह वाहू लागला आहे, त्याच्या समीक्षेची अडचण मला नेमकी इथे दिसते. खेळून बरे वाटले की नाही, हीच कसोटी होऊन बसली आहे. मग खरोखर घडवलेली कृती आणि मऊ रंगांत बुडवून काढलेली नक्कल यांत फरक करण्याचे साधनच समीक्षेच्या हाती उरत नाही. दोन्हींमुळे थोडा वेळ बरे वाटतेच. ‘अ शॉर्ट हाइक’ हे उदाहरण मुद्दाम घ्यायचे ते त्याची रचना कमालीची काटेकोर आहे म्हणून, आणि तिच्याविषयीच सर्वांत कमी लिहिले गेले म्हणून.

त्या रचनेचा कणा म्हणजे सोनेरी पिसे. पीस मिळाले की क्लेअरला हवेत पंखांचा आणखी एक फटकारा मारता येतो आणि कड्याला थोडा जास्त वेळ चिकटून चढता येते. चढताना संपणाऱ्या दमाची कल्पना ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) खेळलेल्यांना ओळखीची वाटेल. पण तिथे दम हे अनेक मापांपैकी एक आहे आणि इथे तेवढे एकच माप आहे. शत्रू नाहीत, मरण नाही, उंचावरून पडले तरी इजा नाही. मग चढण अवघड का वाटते? पिसे संपली की क्लेअर कड्यावरून सुटते, आणि पंख पसरले की तरंगत खाली येते. ती कुठे उतरणार, याचा विचार या बेटाच्या आखणीत आधीच करून ठेवलेला आहे. जिथे उतराल तिथे एखादी पायवाट असते, कुणी धावपटू आपली हरवलेली पट्टी शोधत असते, एखाद्या पोराला पंधरा शिंपले हवे असतात किंवा वाळूत काही पुरलेले असते. म्हणजे हुकलेली चढण शिक्षा न होता नव्या ठिकाणाची ओळख होते. हे साधायला बेट लहान असावे लागते, त्याची घडी उभी असावी लागते आणि एका कड्यावरून दुसऱ्या कड्याचा माथा नेमका दिसेल असा कॅमेरा फिरवावा लागतो. बेटाचा नकाशा खेळणाऱ्याच्या हाती दिलेला नाही, हेही याच धोरणात बसते. नकाशा असता तर नजर खुणांवर खिळली असती. तो नसल्यामुळे दीपगृह, ओढा, पूल, बर्फाची रेषा या गोष्टी डोळ्यांनी लक्षात ठेवाव्या लागतात आणि पाऊण तासात बेट पाठ होते. शिखराजवळच्या थंडीत पिसे गोठतात, नेहमीसारखी आपोआप परतत नाहीत आणि तोवर सवयीची झालेली उधळपट्टी अचानक महाग पडते. शेवटच्या टप्प्यातला सगळा ताण एवढ्या एका बदलातून आला आहे. मार्क स्पार्लिंगचे संगीतही प्रसंग पाहून थर चढवते आणि उतरवते. पंख पसरल्यावर ते जे मोकळे होते, त्याचा चढाईतल्या अडखळण्याशी सरळ संबंध आहे. परीक्षणांतला ‘निवांतपणा’ हा या साऱ्या हिशेबाचा परिणाम आहे. ज्या कारागिरीतून तो आला ती वगळून नुसत्या परिणामाची तारीफ करणे, हे गाणे ऐकून फक्त ‘झोप छान लागली’ असे सांगण्यासारखे आहे.

आशयाकडेही असेच दुर्लक्ष झाले. क्लेअरला हव्या असलेल्या फोनमागे आईची शस्त्रक्रिया आहे, हे शिखर गाठेपर्यंत आपल्याला कळत नाही. कळल्यावर मागची सगळी भटकंती वेगळी दिसू लागते. मासे पकडणे, शिंपले वेचणे, किनाऱ्यावर काठीने चेंडू टोलवत बसणे, हे सगळे एका घाबरलेल्या मुलीने वेळ काढण्यासाठी केलेले होते. त्यात भर म्हणजे तिला वेळ काढायला लावणारे आपणच होतो. खेळाडूची टंगळमंगळ आणि पात्राची टाळाटाळ एकाच कृतीत गुंफण्याची ही युक्ती कादंबरीला किंवा चित्रपटाला अशी जमणार नाही. ती या माध्यमाची स्वतःची आहे. आजूबाजूची पात्रेही वरवर दिसतात तेवढी गुळगुळीत नाहीत. चढ्या भावाने पीस विकणारा एक जण आहे, त्याच्या नफेखोरीमागे शिक्षणाचा खर्च आहे. आपल्या कामाबद्दल सतत साशंक असलेला एक चित्रकार जागा बदलत बेटभर हिंडतो आहे. पैसा, अपुरेपणा आणि आजारपण या तिन्ही गोष्टी बेटावर हजर आहेत. त्यांचा आवाज तेवढा चढू दिलेला नाही.

‘कोझी’ हे लेबल इतके सैल कसे झाले, याचा इतिहास मोठा नाही. २०१७ मध्ये ‘प्रोजेक्ट हॉर्सशू’ या गेमकारांच्या मेळाव्यात काही जणांनी या गुणाचा विचार करून एक टिपण तयार केले. सुरक्षितता, मुबलकता आणि मृदुता अशी तीन अंगे त्यांनी मांडली. महत्त्वाचे हे, की मांडणी कारागिराच्या बाजूने होती: कोणती गोष्ट काढली की धोका नाहीसा होतो, कोणती घातली की गरज भागल्यासारखी वाटते. २०१६ मध्ये आलेला, एरिक बॅरोनने एकट्याने वर्षानुवर्षे खपून केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ तोवर लोकांच्या हाती होताच. पुढे त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. मग मार्च २०२० मध्ये ‘अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ आला तेव्हा जग घरात कोंडले जात होते. ‘अ शॉर्ट हाइक’ला महापुरस्कार मिळाला तोही त्याच महिन्यात, महामारीमुळे ऑनलाइन झालेल्या सोहळ्यात. अशा दिवसांत परीक्षकांनी गेमकडे औषध म्हणून पाहिले, यात नवल नाही. पण ती निकड ओसरल्यावरही सवय सुटली नाही. कारागिरांनी केलेली साधनांची यादी बाजारात वस्तूंची यादी झाली: चहा, मांजर, रोपटी, पाऊस, लहानसे दुकान. समीक्षाही तीच यादी हातात धरून खुणा करू लागली.

यावर एक आक्षेप सरळच येतो. ज्या कलाप्रकाराचा हेतूच बरे वाटावे हा आहे, त्याला बरे वाटण्याच्या कसोटीवर तपासले तर बिघडले काय? विनोदी नाटक हसवते का, हे पाहतोच की आपण. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. हसू आले एवढ्यावर नाट्यसमीक्षक थांबत नाही. ते शब्दावर आले, प्रसंगावर आले की नटाच्या अंगविक्षेपावर, हे तो पाहतो आणि त्यावरून नाटकाची प्रत ठरवतो. शिवाय हेतूच इथे गृहीत धरलेला आहे. मॉन्ट्रियलच्या ‘थंडर लोटस’चा ‘स्पिरिटफेअरर’ (२०२०) मेलेल्यांना शेवटच्या दारापर्यंत पोहोचवण्याचा खेळ आहे. त्यातली मिठी मारण्याची सोय सगळ्यांनी वाखाणली, पण ज्यांना मिठी मारायची ते एकेक करून बोटीवरून उतरून कायमचे जातात आणि त्यांच्या रिकाम्या खोल्या बोटीवर तशाच राहतात, हा त्यातला मुख्य आघात आहे. ‘वँडरस्टॉप’ (२०२५) तर या प्रकारालाच प्रश्न विचारतो. त्यातल्या आल्टा या योद्धा स्त्रीला चहाचे दुकान चालवायचे नाही, विश्रांती घ्यायची नाही. ती तिच्यावर लादली गेली आहे. अशा कृतीपुढे ‘किती निवांत वाटले’ हा प्रश्न घेऊन जाणारा परीक्षक हात हलवत परत येणार.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो अधिक कडक आहे: हे सगळे पलायन आहे, मध्यमवर्गीय स्वप्नरंजन आहे, इतकी बारीक समीक्षा करण्याची त्याची लायकी नाही. गंमत म्हणजे ही नापसंतीसुद्धा चाहत्यांचेच माप वापरते. गेमचे तापमान घेते आणि ते सुखद निघाले म्हणून त्याला हलका ठरवते. ‘अनपॅकिंग’ (२०२१) याला पुरेसे उत्तर देतो. ब्रिस्बेनच्या ‘विच बीम’चा हा गेम खोकी उघडून सामान लावण्याचा, १९९७ ते २०१८ या काळातली एका स्त्रीची घरे तेवढी दिसतात, ती स्वतः दिसत नाही. २०१० मध्ये ती जोडीदाराच्या फ्लॅटमध्ये राहायला जाते तेव्हा तिच्या पदवीच्या चौकटीला भिंतीवर जागाच मिळत नाही. खेळणारा सगळीकडे लावून पाहतो आणि अखेर ती पलंगाखाली सरकवतो. त्या नात्याबद्दल गेमने एक अक्षर उच्चारलेले नाही. या गेमला २०२२ मध्ये ‘बाफ्टा’चे दोन पुरस्कार मिळाले आणि त्यातला एक कथनासाठी होता, हे योग्यच झाले. पलायनाचा आरोप नकलांवर लागू पडतो, आणि तिथे तो जरूर करावा. पण मूळ आणि नक्कल वेगळी करायची तर पुन्हा रचनेतच शिरावे लागते. मराठी वाचकाला हे नवे नाही. फडके-काणेकरांच्या काळात लघुनिबंध बहरला, मग त्याची खेळकर सुरुवात आणि हळवा शेवट इतका ठरून गेला की प्रकारच चेष्टेचा विषय झाला. ललित गद्य त्यातून बाहेर पडले ते ‘ऋतुचक्र’सारख्या पुस्तकांमुळे, जिथे प्रसन्नतेच्या मुळाशी कठोर निरीक्षण होते. नुसत्या प्रसन्नतेने दोन्हींना तोलले असते तर दोन्ही सारखीच भरली असती.

लांबी आणि किंमत यांचा वाद मात्र थोडक्यात आटोपता येतो. खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर गेम परत करण्याची सोय ‘स्टीम’ देते. म्हणजे ‘अ शॉर्ट हाइक’ पुरता संपवून पैसे परत मागता येतात. दुकानाने तासांत मोजावे हे समजू शकते, समीक्षेने का मोजावे? टोरांटोच्या ‘विसाई गेम्स’चा ‘वेंबा’ (२०२३) कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाचा गेम. आईकडून आलेल्या फाटक्या, पुसट झालेल्या पाककृतींच्या वहीतले गाळलेले टप्पे आपण इडली रचताना भरून काढतो, आणि हेच परक्या देशात पुसट होत चाललेल्या भाषेचे रूपक आहे. तो आटोपशीर आहे ही तक्रार बऱ्याच ठिकाणी झाली. मला त्याची घाई जाणवली ती वेगळ्या जागी: मुलगा कविन याच्या तारुण्याचा भाग जिथे विस्तार मागतो, तिथेच तो एका उडीत ओलांडला जातो. हा रचनेतला दोष आहे, आणि मिनिटांची बेरीज करून तो सापडणार नाही. पुढे २०२४ मध्ये ‘वेंबा’लाही तोच मॅकनॅली पुरस्कार मिळाला.

असेच दोष ‘अ शॉर्ट हाइक’मध्येही आहेत आणि मायेने ओथंबलेल्या परीक्षणांनी त्यांची गय केली. मासेमारी हा त्यातला सर्वांत कच्चा भाग. बेटावरच्या इतर सर्व कृती उंचीशी, पिसांशी, नजरेशी जोडलेल्या आहेत. गळ टाकून बसणे त्या जाळ्यात कुठेच अडकत नाही, आणि ते केवळ या प्रकारच्या गेममध्ये असतेच म्हणून आल्यासारखे वाटते. दुसरा दोष मोठा आहे. शिखरावरचा फोन होतो, वर उठणाऱ्या वाऱ्यावर क्लेअर सबंध बेटावरून तरंगते, आंटीकडे परतते आणि श्रेयनामावली येते. त्यानंतरही बेट खुले राहते, उरलेली पिसे आणि मासे गोळा करता येतात. पण आईचा आवाज ऐकून आलेली क्लेअर आता वेगळी असायला हवी. भेटणारी पात्रे, त्यांचे बोलणे, निदान तिची स्वतःची एखादी ओळ तरी बदलायला हवी होती. ते जवळपास काहीच बदलत नाही. आधीची टंगळमंगळ जिच्यामुळे अर्थपूर्ण झाली ती भीतीच आता उरलेली नाही. मागे राहते ती नुसती गोळाबेरीज, आणि ज्या नमुन्याच्या गेमपासून रॉबिन्सन-यू तासभर इतका सावध अंतर राखून होता, त्याच नमुन्यात त्याचे बेट शेवटी जाऊन बसते.