काळोखांतील दीप

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. तेथील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें पांचव्या शतकांत अजिंठ्याचें १६ क्रमांकाचें लेणें भिक्षुसंघास अर्पण केलें. तें जिवंतांच्या निवासाकरितां होतें. तेथील चित्रें पाहणाऱ्यांसाठीं रेखाटलीं गेलीं. इस्राएलांतील बेथ शेआरीम येथील दुसऱ्या ते चवथ्या शतकांतील यहुदी दफनगुहांस मात्र हें माप लावणें अन्यायाचें होईल.

इ. स. १३५ मध्यें बंड मोडल्यावर रोमनांनीं जेरुसलेम यहुद्यांस बंद केलें. पुढें धर्मगुरु यहूदा हानासी बेथ शेआरीम येथें पुरले गेले, आणि दूरदेशींचे यहुदीही आपले मृत तेथें आणूं लागले. १९३६ पासूनच्या उत्खननांत या गुहा उजेडांत आल्या. शवपेट्यांवर सिंह व गरुड कोरलेले आहेत. मूर्तिनिषेध सांगणाऱ्या धर्मांत हें कसें, असें वाचक विचारतील. ही रोमन कारागिरीची उसनवारी खरी. पण भिंतींवर पुनःपुन्हां येणारा सात शाखांचा दीप उसना नव्हे. तो इ. स. ७० मध्यें उद्ध्वस्त झालेल्या जेरुसलेमच्या मंदिरांतील होय.

त्याच्या रेषा पुष्कळदां ओबडधोबड आहेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दगडी दार लागल्यावर त्या पाहण्यास कोण उरत असे? गेलेल्या मंदिराची आठवण मृतांच्या उशाशीं ठेवणें, एवढाच तेथें हेतु होता. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल समाज परंपरेनें आपल्या आद्य पूर्वजांचीं थडगीं अलिबागेजवळ नवगांव येथें दाखवितो; तीं तर केवळ मातीचे उंचवटे. म्हणून अजिंठ्याच्या सौंदर्यास व या निष्ठेस एकच कसोटी लावूं नये, असें आमचें मत आहे.