पाऊल आणि माप : ‘भा’ पद्धतीचे परीक्षण

१

चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भारतीय पावलांचे जे सर्वेक्षण केले आणि त्यावरून ‘भा’ नावाची जी मापनपद्धती २०२४ साली शिफारस म्हणून पुढे आली, तिचे स्वागत करूनच प्रस्तुत परीक्षणास आरंभ करणे उचित होईल. इंग्रजी अमदानीत या देशात आलेले जोड्यांचे आकडे स्वातंत्र्यानंतरही आपण निमूटपणे पायांत घालीत आलो. एका आकड्यात आणि पुढच्या आकड्यात एक तृतीयांश इंचाचे अंतर असते, ते केवळ लांबीचे असते, आणि ज्या पावलांवरून ते ठरले ती पावले आपली नव्हती, याचा विचार फारसा कोणी केला नाही. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या अवधीत देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० व्यक्तींची पावले मोजून हा विचार प्रथमच एवढ्या विस्ताराने झाला, हे या संस्थेचे श्रेय होय.

सर्वेक्षणाचा मुख्य निष्कर्ष असा की, भारतीय पाऊल युरोपीय वा अमेरिकी पावलाहून रुंद आहे. अरुंद जोडा पायात जात नाही म्हणून लोक गरजेपेक्षा लांब जोडा घेतात, आणि पुढे उरलेल्या पोकळीसह आयुष्यभर चालतात. ‘भा’ पद्धतीने वय आणि लिंग यांना अनुसरून आठ गट कल्पिले आहेत. उत्पादक व ग्राहक या दोघांनीही ती स्वीकारल्यास सुमारे ८५ टक्के लोकांना नीट बसणारा जोडा मिळेल, असे सांगण्यात आले. आमचे परीक्षण आरंभ होते ते उरलेल्या १५ टक्क्यांपासून.

२

हा प्रश्न नाशिकच्या अभ्यासकास सुचावा याला कारण आहे. १९७७ साली रजनीताई लिमये यांनी येथे प्रबोधिनी विद्यामंदिराची स्थापना केली, आणि त्या काळी ‘मतिमंद’ म्हणून घरात बसविली जाणारी मुले दप्तर घेऊन शाळेच्या वाटेला लागली. शाळेस जाणे म्हणजे आधी चालणे. आणि चालणे म्हणजे पायांत काहीतरी घालणे. शिक्षणाविषयी, भाषेविषयी, व्यवसायाविषयी अशा मुलांच्या संदर्भात मराठीत बरेच लिहिले गेले; पायांविषयी मात्र जवळजवळ काहीच नाही. ‘पायातली वहाण पायातच बरी’ असे म्हणणाऱ्या समाजास पादत्राण हा चिंतनाचा विषय वाटू नये, यात नवल नाही.

या मुलांपैकी डाऊन सिंड्रोम असलेल्यांचा येथे विशेष विचार कर्तव्य आहे. १८६६ साली इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी या अवस्थेचे वर्णन केले. १९५९ साली फ्रान्समध्ये झेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे मूळ एकविसाव्या गुणसूत्राच्या तिसऱ्या प्रतीत असल्याचे दाखविले. जगात सुमारे हजार जन्मांमागे एक असे तिचे प्रमाण मानले जाते. बुद्धीची मंद वाढ सर्वांस ठाऊक असते. परंतु हीच अवस्था पावलांपर्यंत उतरते, हे सहसा ध्यानात येत नाही. स्नायूंचा ताण कमी, सांध्यांचे बंध सैल. त्यामुळे उभे राहताच पावलाची कमान खाली बसते व टाच बाहेर कलते. पाऊल लांबीस आखूड व पुढे रुंद असते. अंगठा व शेजारचे बोट यांत ठळक फट असते. मूल चालू लागते तेच बहुधा दोन वर्षांच्या आसपास. पुढे वयानुसार अंगठा आत वळणे, बोटे एकमेकांवर चढणे, कातडी कोरडी पडून टाचा फुटणे, नखांना बुरशी लागणे, हे विकार कमीअधिक प्रमाणात जडतात.

आता हे पाऊल लांबीच्या आकड्यावर चालणाऱ्या बाजारात न्यावे. लांबी पाहून घेतलेला जोडा रुंदीत शिरत नाही. रुंदी पाहून घ्यावा तर तो एकदोन आकड्यांनी लांब निघतो. त्याचा तळ पाऊल जेथे दुमडते तेथे न दुमडता पुढे दुमडतो, टोक जमिनीस अडते, आणि ज्याचा तोल मुळातच कच्चा ते मूल अडखळते. जी अडचण सर्वेक्षणाने सर्व भारतीयांची म्हणून सांगितली, तीच येथे अनेक पटींनी उभी राहते. मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेल्या ५० मुलांची पावले व त्यांचे जोडे ताडून पाहिले. सपाट पाऊल बहुसंख्य मुलांत आढळले. अरुंद जोडाही सर्रास आढळला. आणि जोड्याचे न बसणे व पायांमुळे होणारी अडचण यांत संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य करूनही एवढे म्हणता येईल की, पावलाची ठेवण पालटणे आपल्या हाती नाही, जोडा पालटणे आहे.

३

‘भा’ पद्धतीवरील आमचा आक्षेप याच ठिकाणी आहे. तिने इंग्रजी पाऊल दूर सारून भारतीय पाऊल मधोमध ठेवले. पण मधोमध एकच पाऊल ठेवण्याची रीत मात्र तशीच राहिली. वय आणि लिंग कळले की पावलाचा आकार कळला, हे गृहीत डाऊन सिंड्रोमच्या बाबतीत टिकत नाही. बारा वर्षांच्या अशा मुलाचे पाऊल लांबीने एका गटात व रुंदीने दुसऱ्या गटात पडते. सरासरी सुधारल्याने सरासरीबाहेरच्याचे हाल आपोआप कमी होत नाहीत.

यावर असे म्हटले जाईल की, हजारात एकासाठी निराळे कालबूत कोण कोरणार? आक्षेप वाजवी आहे, परंतु आमची मागणी निराळ्या जोड्याची नाही. प्रत्येक लांबीस रुंदीच्या दोन-तीन श्रेणी असाव्यात, एवढीच ती आहे. खुद्द इंग्लंडात मुलांच्या जोड्यांवर लांबीच्या आकड्याबरोबर रुंदीचे अक्षर असते. आपण त्यांच्याकडून आकडा घेतला, अक्षर तेथेच राहू दिले. ते आणले तर मधुमेहाने सुजलेले पाय, म्हातारपणी पसरलेले पाय, आणि अनवाणी वाढलेले शेतकऱ्याचे पाय यांचीही सोय होईल.

दुसरे उत्तर असे दिले जाईल की, आपल्याकडे चप्पल आहेच. तिला रुंदीचा जाच नाही. अंगठ्याजवळची फट पाहता कोल्हापुरी चपलेचा अंगठा जणू याच पावलासाठी योजिला असावा, असा मोह होतो. तो टाळला पाहिजे. चपलेत टाच मोकळी असते. तिला धरून ठेवण्याचे काम बोटांना करावे लागते, आणि सैल बंधांच्या पायास नेमके तेच अवघड. टाचेस घट्ट धरणारा, बोटांस मोकळा, आणि नाडीऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्याने मुलास स्वतः बंद करता येईल असा जोडा हवा.

शासनाची दृष्टीही या संदर्भात तपासण्याजोगी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मानले. त्यांत ही मुले बौद्धिक दिव्यांगतेखाली येतात. साधनांच्या विचारात मग बुद्धीस शैक्षणिक साहित्य आणि अस्थिव्यंगास जोडा, अशी वाटणी मनात आधीच झालेली असते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने सरकारी शाळांतील मुलांस जोडे व मोजे देण्याचे ठरविले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण जोडा देणे आणि तो बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४

जुने कारागीर कागदावर पाऊल टेकवून पेन्सिलीने आखून घेत. त्या रेघेत लांबीही येई व रुंदीही. आणि गिऱ्हाईक उभे असल्याने खाली बसलेली कमानही येई. ही रीत घरी आजही करता येते. संध्याकाळी मुलास उभे करून दोन्ही पावले आखावीत व जोडा त्या आकृतीवर ठेवावा. रेघ जोड्याबाहेर दिसली तर जोडा अरुंद समजावा. वाढत्या वयात हे दर तीन-चार महिन्यांनी करावे. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठा जोडा घेऊन टोकाशी कापूस कोंबण्याची आपली काटकसर या मुलांस परवडणारी नाही. नाशिकमध्ये १९९८ पासून राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. विशेष शाळांतील पावलांच्या अशा आकृत्या जमविणे हे खर्चाचे नव्हे, केवळ लक्ष देण्याचे काम आहे.

शेवटी मुद्दा असा. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरे. परंतु ज्याला कळते त्याला सांगता येतेच असे नाही. डाऊन सिंड्रोम असलेले मूल जोडा चावतो म्हणत नाही. ते रस्त्यात बसते. घाटाच्या पायऱ्या उतरताना मागे हटते, शाळेच्या दारात जोडे फेकून देते. आणि मग आपण त्यास हट्टी म्हणतो, आळशी म्हणतो, ‘त्याला समजत नाही’ असे म्हणतो. जोड्याचा दोष मुलाच्या बुद्धीच्या खाती मांडला जातो. मापनपद्धती चांगली की वाईट हे ठरविताना तिने किती पावले सामावून घेतली एवढेच पाहून भागणार नाही. जी पावले बाहेर राहिली, त्यांचा दोष कोणाच्या माथी गेला हेही पाहिले पाहिजे. ‘भा’ पद्धतीची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा हा हिशेब तिने चुकता करावा, अशी अपेक्षा आहे.